पॉलिश करूनही गाडीवर पुन्हा उमटणारे जाळे आणि पांढरे डाग : कारण कसे शोधावे, उपाय कसा करावा

रबिंग-पॉलिश करून आणलेली गाडी काही आठवडे लखलखते, आणि मग एखाद्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहिली की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल ओरखड्यांचे जाळे दिसू लागते. टपावर आणि डिकीच्या झाकणावर थेंबाच्या आकाराचे पांढुरके डाग असतात. ते फडक्याने जात नाहीत आणि शॅम्पूनेही जात नाहीत. मालक गाडी पुन्हा पॉलिशला टाकतो, जाळे जाते आणि दोन-तीन महिन्यांत परत येते. नाशिकमध्ये, विशेषतः पाऊस उघडल्यापासून पुढच्या मृगापर्यंतच्या कोरड्या काळात, ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की बहुतेकांनी ती इथल्या हवेच्या नावावर टाकून दिली आहे. त्यातच २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी रस्त्यांची कामे निघालेली असल्यामुळे सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी मातकट दिसते, आणि दोष धुळीचाच अशी खात्री पटते. प्रत्यक्षात गाडीवर नुसती बसून राहिलेली कोरडी धूळ रंगाचे फारसे काही बिघडवत नाही. बिघाड होतो तो ती धूळ काढताना, आणि पांढरे डाग पडतात ते धुतल्यानंतर अंगावर सुकू दिलेल्या पाण्यामुळे. ही दोन कारणे जोवर तशीच चालू आहेत, तोवर पॉलिशवर केलेला खर्च म्हणजे दर वेळी पैसे देऊन रंगाचा थोडा थर घासून काढून घेणे होय.

आधी खूण ओळखावी

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी धुऊन कोरडी करावी, अंधार पडल्यावर मोबाइलची टॉर्च लावून एकेक भाग जवळून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग उन्हात पाहावा. दिव्याभोवती जाळे गोलाकार दिसते म्हणून ते गोल फिरवलेल्या हातामुळेच पडले असे मानण्याचे कारण नाही. ओरखडे सर्व दिशांना असतात, पण दिव्याचा प्रकाश डोळ्यांकडे परतवणारे तेवढेच नेमके दिव्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. टॉर्च सरकवली की वर्तुळही तिच्याबरोबर सरकते.

खरी माहिती मिळते ती ओरखडे कुठे आहेत यावरून. बॉनेटच्या कडा, चारही दरवाजे आणि डिकी यांवर जाळे दाट आहे, आणि उंच गाडीच्या टपाचा मधला भाग, जिथे उभ्याने हात पोहोचत नाही, तो तुलनेने स्वच्छ आहे, असे दिसले तर कारण बहुधा रोजचे पुसणे आहे. टपासकट सगळीकडे एकसारखे आणि गाडीच्या लांबीला समांतर ओरखडे असतील, तर फिरत्या ब्रशच्या मशीनमध्ये गाडी धुतली जात असावी. उन्हात गाडीभोवती फिरताना पृष्ठभागावर रुंद, धूसर, कमानीसारखे पट्टे हलताना दिसले, तर ते पुसण्याचे नव्हेत. पॉलिश करणाऱ्याने रोटरी मशीन खरखरीत पॅडवर चालवून नंतरचा बारीक हात न दिल्याचे ते चिन्ह आहे. म्हणजे ज्या दुरुस्तीसाठी पैसे मोजले, तिनेच नवी खूण करून ठेवली.

पांढऱ्या डागांचेही तसेच. कडेला ठळक आणि मध्ये फिकट अशी गोल कडी असेल तर थेंब उन्हात किंवा गरम पत्र्यावर सुकला आहे. आरशाखाली आणि दरवाज्याच्या हँडलखाली उभ्या रेघा असतील तर पुसून झाल्यावर फटीत अडकलेले पाणी नंतर ओघळले आहे. मात्र डाग जाडसर, हाताला खडबडीत आणि ठरावीक एकाच जागी असतील, तर गाडीकडे न पाहता वर छताकडे पाहावे. बेसमेंटच्या स्लॅबमधून झिरपणारे पाणी सिमेंटमधला चुना बरोबर आणते. ते तीव्र अल्कधर्मी असते आणि रंगावर दोन-तीन दिवस राहिले तरी खोल डाग पाडते. तिथे उपाय एकच, गाडीची जागा बदलणे, आणि सोसायटीच्या सभेत वॉटरप्रूफिंगचा विषय लावून धरणे.

रंगाचा थर किती, धूळ किती कठीण

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्व थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा रंग असतो. त्यात सर्वांत वर रंगहीन पारदर्शक थर असतो, ज्याला सगळे क्लिअर कोट म्हणतात. तो ढोबळमानाने ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चकाकी त्याचीच, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारे घटकही त्यातच. पॉलिशचा एक साधा हात १ ते ३ मायक्रॉन काढतो, कंपाउंडचा, म्हणजे अधिक खरखरीत पॉलिशचा, जड हात त्याहून अधिक. हा थर परत येत नाही. वर्षातून दोनदा रबिंग करून घेणाऱ्याच्या गाडीवर काही वर्षांनी टपाचा रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा तो रंगाला दोष देतो.

आता धुळीकडे पाहू. नाशिकची जमीन दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. रस्त्याच्या कामांवरची कच, खडी क्रशरची भुकटी आणि उघड्या प्लॉटांवरून उडणारी माती ही सारी त्याच दगडातून येते. बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांची कठीणता मोहच्या मापावर, म्हणजे खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मापावर, साडेपाच ते साडेसहा असते, आणि बांधकामाच्या वाळूत मिसळलेल्या क्वार्ट्झची ७. खिशातल्या चाकूचे पोलादही साधारण साडेपाचच्या आसपास असते. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचे प्लास्टिक आहे. त्यामुळे फडके कितीही मऊ असले तरी फडके आणि रंग यांच्यामध्ये हा कण सापडला की तो ओरखडा काढणारच. एकलहऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर औष्णिक वीज केंद्राची राख असते. तिचे कण बारीक आणि बरेचसे गोलसर असतात. तरीही ती कोरडी चोळणे योग्य नाहीच.

मुख्य कारण : सकाळचे पुसणे

सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारे दादा एक बादली आणि एक फडके घेऊन ओळीने दहा-पंधरा गाड्या करतात. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाला गाळ बसलेला असतो, आणि फडके दर वेळी त्याच गाळातून वर येते. जो माणूस महिन्याला ठरलेल्या पैशात रोज इतक्या गाड्या करतो, त्याला दर गाडीला नवे पाणी घेणे परवडणारे नाही, त्यामुळे दोष त्याचा नाही, पद्धतीचा आहे. अशा बादलीत सहज बोट घालून तळाचा गाळ अंगठ्यावर चोळून पाहावा. ती बारीक करकर हाताला जाणवली की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत यात दवाची भर पडते. निफाडच्या बाजूला पारा उतरतो त्या दिवसांत रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे ओली असते, आणि गाडी ओलीच आहे म्हणून पुसायला हरकत नाही असे वाटते. हे समजणे चुकीचे आहे. दवाचे पाणी धूळ वाहून नेण्याइतके नसते; ते तिचा फक्त चिखल करते, आणि फडक्याने तो चिखल सबंध बॉनेटवर फिरतो. मार्च-एप्रिलमधील अवकाळीचे चार थेंब पडून गेल्यावर गाडीवर जे मातीचे ठिपके राहतात, त्यांचीही गत तीच. अशा वेळी फक्त काचा पुसून गाडी न्यावी.

दादांना काढून टाकण्याची गरज नाही. त्यांना स्पष्ट सांगावे की रोज काचा, आरसे आणि आतले मॅट एवढेच करा, रंगाला फडके लावू नका. आठवड्यातून एकदा वेळ काढून नीट धुवा, त्याचे पैसे वेगळे. मायक्रोफायबरची फडकी आणि दोन बादल्या आपण द्याव्यात आणि त्या आपल्याच गाडीसाठी ठेवाव्यात. दोन-तीन दिवस गाडी धुळकट दिसते म्हणून घरचे कुरकुर करतील, कारण आपल्याकडे पुसलेली गाडी हे टापटिपीचे लक्षण मानले जाते. पण धुळकट गाडी धुता येते, ओरखडलेली येत नाही.

बाजारात मिळणारा मेण लावलेल्या दोऱ्यांचा डस्टर याच जातीचा. झाकलेल्या पार्किंगमध्ये एका दिवसाची पिठासारखी धूळ असेल आणि डस्टर स्वतःच्या वजनाएवढाच टेकवून एका दिशेने ओढला, तर नुकसान कमी होते. हायवेवरून आलेल्या किंवा खोदलेल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवर तो फिरवू नये. माझ्या मते तो न घेतलेलाच बरा. त्याऐवजी दिवाळीच्या साफसफाईला वापरतात तो हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर धुळीला हात न लावता तिचा मोठा भाग उडवतो. फक्त शेजारची गाडी आणि शेजारच्यांचा मूड, दोन्ही पाहून तो चालवावा.

गाडीच्या कव्हरविषयी थोडक्यात. उघड्यावर, धुळकट गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने दिवसभर घासत राहते आणि मिरर, कोपरे, टपाच्या कडा येथे रंग मंद करते. बंद जागेत, धुतलेल्या गाडीवर, बरेच दिवस गाडी हलणार नसेल तरच कव्हर घालावे.

दुसरे कारण : बोअरचे पाणी

गंगापूर धरणातून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मऊ असते. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको किंवा शहराबाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये मात्र गाड्या बहुधा बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात, आणि टंचाईच्या दिवसांत पिण्याचे पाणी गाडीवर ओतणे योग्यही नाही. पाषाणाच्या फटींतून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी आहे. विरघळलेल्या एकूण घटकांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. पिण्यास योग्य ठरलेले पाणी गाडीच्या रंगाला योग्य असेलच असे नाही, हे यावरून कळते. समजा पाण्याचा टीडीएस ७०० आहे आणि धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहून गेले. ते सुकले की सुमारे ३५० मिलिग्रॅम क्षार थेंबाथेंबाने रंगावर बसतो. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो, आणि अशा पत्र्यावर तो क्षार नुसता बसत नाही, क्लिअर कोटमध्ये रुतू लागतो.

घरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी गाडीला वापरण्याची सवय अनेकांना आहे. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ती चांगली, रंगाच्या दृष्टीने मात्र वाईट. तीन लिटर पाण्यातले एक लिटर शुद्ध झाले तर उरलेल्या दोन लिटरांत तिन्ही लिटरांचे जवळजवळ सगळे क्षार एकवटलेले असतात. हे पाणी चाके, मडगार्डची आतली बाजू आणि धुण्याचा पहिला हात यांसाठी वापरावे. शेवटचे पाणी मात्र मऊ असले पाहिजे. त्यासाठी पावसाळ्यात साठवलेले गच्चीचे पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी उपयोगी पडते. एसीचे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार अगदी कमी असतात, फक्त ते बारीक कापडातून गाळून घ्यावे. शेवटच्या हातासाठी चार-पाच लिटर पुरतात.

धुण्याची रीत

वेळ सकाळी ऊन चढण्यापूर्वीची किंवा सूर्यास्तानंतरची. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. ऊबदार लागले तर थांबावे. प्रवासातून येताच इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या बॉनेटवर पाणी मारणे टाळावे.

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा कोणीही करत नाही, तो म्हणजे हात न लावता धूळ सैल करून वाहून लावणे. उघडा पाइप मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज सोडतो, म्हणून पाइपाने हे करायचे म्हटले की सोसायटीत भांडण ठरलेले. नाशिकमध्ये याला सोपा पर्याय आहे. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा फवारणी पंप मिळतो. पंप नवाच घ्यावा. औषध किंवा तणनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला आणू नये. त्यात पाणी आणि थोडा उदासीन पीएचचा कार शॅम्पू घालून गाडीवर वरून खाली फवारावे, तीन-चार मिनिटे थांबावे, पण सुकू देऊ नये, आणि मग साध्या पाण्याने फवारून उतरवावे. खालच्या दरवाज्यांवरून, चाकांच्या कमानींतून मातकट पाणी ओघळायचे थांबेपर्यंत हे करावे. प्रेशर वॉशर असेल तर काम लवकर होते, पण नोझल दीड-दोन फुटांच्या आत आणू नये, आणि जिथे आधीच रंगाचा टवका उडाला आहे तिथे तर मुळीच नाही.

त्यानंतर हाताचे काम. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे हातात घालायचा धुण्याचा मोजा, शॅम्पूच्या पाण्यात बुडवून टपापासून सुरुवात करावी, सरळ रेषेत आणि भार न देता फिरवावा, एक भाग झाला की साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळावा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालावा. बादलीच्या तळाशी भोकांची जाळी ठेवली तर गाळ तिच्याखाली राहतो. दरवाज्यांचा खालचा अर्धा भाग आणि बंपर शेवटी, तेही वेगळ्या फडक्याने, कारण तिथली कच सर्वांत जाड असते. मिट जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद समजावा. भांड्यांचा साबण ग्रीस काढण्यासाठी बनलेला असल्याने गाडीवरचे मेण आणि सीलंट (मेणाऐवजी लावतात तो कृत्रिम संरक्षक थर) हेही काढून टाकतो. कपड्यांची पावडर त्याहून कडक. रॉकेल किंवा डिझेलचा हात मारून चकाकी आणण्याचा जुना प्रकार अजूनही पाहायला मिळतो. तेलाच्या त्या पातळ थरावर धूळ चिकटून बसते आणि दुसऱ्या दिवशी ती घासूनच काढावी लागते.

शेवटचे पाणी मारताना फवारा न मारता पाइपाचे नोझल काढून मंद धार टपाच्या वरच्या कडेवर धरली, तर पाणी अखंड पडद्यासारखे उतरते आणि जाताना मागचे थेंब ओढून नेते. ही धार नीट बसली की पत्र्यावर उरलेले पाणी पाहण्यासारखे कमी होते. त्यानंतर एसीचे किंवा पावसाचे पाणी फवारून, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून दाबून टिपावे. घासून पुसू नये. दरवाजे आणि डिकी उघडून कडांतील पाणी टिपले, आरशांच्या फटीत ब्लोअर मारला, तर नंतरचे ओघळ उमटत नाहीत.

पाण्याचीच टंचाई असेल तर रिन्सलेस वॉश नावाचे द्रव मिळते. ते बादलीभर पाण्यात बाटलीवरील प्रमाणाने मिसळून गाडी धुतल्यावर पुन्हा पाणी मारावे लागत नाही. यासाठी सात-आठ फडकी एकदम भिजवून ठेवावीत, प्रत्येक फडक्याची दुमडून आठ तोंडे करावीत, एका भागाला एक तोंड वापरावे, आणि वापरलेले फडके बादलीत परत घालू नये. धूळ दाट असेल तर आधी पंपाने फवारणी हवीच. पाणी न लावता नुसता स्प्रे मारून पुसायचे जे द्रव येते, ते आपल्याकडच्या धुळीसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

फडकी वेगळी धुवावीत, इतर कपड्यांत मिसळू नयेत, फॅब्रिक कंडिशनर वापरू नये. त्याने धागे बुळबुळीत होऊन पाणी टिपेनासे होतात.

पडलेले डाग काढताना

ताजे क्षाराचे डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जातात. गाडी धुऊन थंड आणि सावलीत असताना, आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर प्रयोग करून, या मिश्रणात भिजवलेले फडके डागावर मिनिटभर ठेवावे, हलकेच उचलावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डाग फिका झाला तर आणखी एकदा करावे. काहीच फरक पडला नाही आणि नखाला खळगा जाणवला, किंवा डाग ओला असताना दिसेनासा होऊन सुकल्यावर पुन्हा उमटला, तर बहुधा क्षार गेला असून खळगा उरला आहे, आणि तो फक्त पॉलिशने, तोही काही प्रमाणात, कमी होतो. टॉयलेट क्लीनर लावून डाग काढणारे आहेत. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम पट्ट्या आणि अलॉय व्हील्स खराब करते.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर तांबूस ठिपके दिसतात. ते ग्राइंडिंग आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांतील लोखंडाचे कण गंजून झालेले असतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारावा, तो जांभळा ओघळू लागला की धुवावा. वास कुजकट येतो, तो औषधाचाच असतो. त्यानंतरही हात फिरवताना खरखर लागली तर भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, चालवावा. हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पृष्ठभागावरून फिरवली तर ही खरखर अधिक स्पष्ट कळते.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहराच्या दिवसांत वेगळाच त्रास होतो. तुडतुड्यांचा चिकटा काचेवर आणि बॉनेटवर बारीक थेंबांनी पडतो आणि त्यावर धूळ बसून काळी पडते. हा साखरेचा पदार्थ असल्यामुळे कोमट पाण्याचे ओले फडके पाच मिनिटे ठेवल्यास सुटतो, खरवडू नये. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी, भिजवून, उचलून काढावी, कारण तापलेल्या पत्र्यावर ती काही तासांतही खूण करते. दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागेशेजारी गाडी उभी करून बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके घेऊन परतणारेही आहेत. त्यात मोरचूद आणि चुना असतो, सुकण्याआधी भरपूर पाणी ओतले की जातो, सुकल्यावर व्हिनेगरची वर सांगितलेली रीत.

मेण, सिरॅमिक की पीपीएफ

धुण्याची रीत सुधारल्यावरच हा प्रश्न विचारावा. कार्नोबा मेण आपल्या उन्हात काही आठवडे ते दोन महिने टिकते, कृत्रिम सीलंट चार-सहा महिने. दोन्ही स्वस्त आहेत आणि स्वतः लावता येतात. सिरॅमिक कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने धूळ कमी चिकटते आणि धुणे सोपे होते हे खरे, पण विक्रेते सांगतात तो ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणतेच्या चाचणीचा आहे, दगडाच्या मोहच्या मापाचा नव्हे. पेन्सिलचे शिसे आणि बेसाल्टची कच यांत फरक आहे, त्यामुळे कोरडी धूळ पुसली तर कोटिंगवरही जाळे पडते. शिवाय कोटिंगवर पाणी टपोऱ्या थेंबांत उभे राहते आणि प्रत्येक थेंब सुकून आपला क्षार एका जागी टाकतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर असलेल्या सिरॅमिकच्या गाड्यांवर डाग कधीकधी अधिकच ठळक दिसतात. कसारा घाट किंवा समृद्धीवरून वारंवार जाणाऱ्यांना पुढच्या बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या भागावर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावण्यात अर्थ आहे, कारण ती १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म उडालेल्या खड्याचा मार खरोखर झेलते. सबंध गाडीला लावण्याइतका फायदा शहरात फिरणाऱ्या गाडीला मिळत नाही.

पुन्हा पॉलिश करायचे झालेच, तर धुण्याची नवी रीत काही महिने चालवून, नवे ओरखडे वाढत नाहीत हे टॉर्चने पाहून मगच करावे. काम देण्यापूर्वी जाडी मोजण्याच्या गेजने बॉनेट, टप आणि प्रत्येक दरवाज्याची मोजणी आपल्यासमोर करून लिहून घ्यावी. १०० ते १४० च्या आसपासचे आकडे मूळ रंगाचे; एखाद्याच भागावर २०० च्या पुढे आकडा आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला असू शकतो, आणि इतर भागांहून एखादा आकडा बराच खाली असेल तर तिथे आधीच जास्त घासले गेले आहे, तेव्हा त्या भागाला कंपाउंड लावू देऊ नये. सुरुवात सर्वांत बारीक पॉलिश आणि मऊ फोमच्या पॅडने, दरवाज्याच्या हातभर जागेवर करायला सांगावी आणि तेवढ्याने सत्तर टक्के जाळे गेले तर तिथेच थांबायला सांगावे. काम झाल्यावर त्याच जागांची पुन्हा मोजणी घ्यावी. गेज नाही किंवा मोजून देणार नाही असे उत्तर आले, तर गाडी दुसरीकडे न्यावी.